गुरुजींची पेटी मी उसवली

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या मुली नाताळचा अंक काढतात. यंदा त्यांनी मला माझ्या कामाबद्दल लिहून मागितलं. मी एक पान दिलं: लाकूड कुठलं, कापड कुठलं, मापं कशी घेतात. त्या खूष झाल्या. गुरुजींची गोष्ट मी त्यात घातली नाही. ती छापण्यासारखी नाही असं पास्टर म्हणतील, आणि त्यांना विचारायला मी गेले नाही. ती इथे घरीच लिहिते आहे. चार माणसांत बोलायला उभी राहिले की माझा घसा सुकतो. लिहिताना सुकत नाही.

आम्ही पेट्या करतो. बाहेरचे लोक शवपेटी म्हणतात, आम्ही नुसतं पेटी म्हणतो. माझे यजमान याकोब सुतार. ते लाकूड करतात, मी कापड करते. पेटी खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळती असते. आत आधी कापसाचा थर, त्यावर पांढरं सॅटिन, त्याच्या बारीक चुण्या, आणि खिळे दिसू नयेत म्हणून कडेने लेस. उशी वेगळी भरायची. उशी मी नेहमी मऊ भरते. का, ते मला सांगता येणार नाही.

माप टेपने घेत नाही. सुतळीने घेतो आणि गाठ मारतो. रडणाऱ्या घरात आकडा तोंडाने बोलायचा नाही, हे मला सासऱ्यांनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकवलं. काम नेहमी घाईचं. नागपूरच्या उन्हाळ्यात सकाळी माणूस गेला तर संध्याकाळी माती द्यावी लागते. म्हणून चुण्या मी आधीच शिवून ठेवते. लोक विचारतात, भीती नाही वाटत का? नाही वाटत. मेलेली माणसं मला कधी काही बोलली नाहीत. भीती जिवंत माणसांची वाटते.

गिऱ्हाइकंही एकेक असतात. एका बाईने नवऱ्याच्या पेटीला आतून खिसा लावून घेतला, खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पुडीसाठी. "जिंदगीभर मी लपवून ठेवली त्याची पुडी," ती रडत म्हणाली, "आता तरी त्याले हाताशी राहू दे." मी खिसा लावला. पास्टरना सांगितलं नाही.

पण स्वतःची पेटी सांगायला कोणी येत नसे. गुरुजी पहिले.

दानीएल गुरुजी आमच्या मंडळीचे सगळ्यात जुने पंच. मिशन शाळेत चौथीला त्यांनीच मला शिकवलं. चौथीनंतर घरच्यांनी मला धाकट्या भावंडांपाशी बसवलं, तेव्हा आमच्या दारात येऊन "पोरीला शाळेत पाठवा" म्हणणारे ते एकटेच होते. घरच्यांनी ऐकलं नाही, ती गोष्ट वेगळी. मंडळीत कोणी आजारी पडलं की आधी गुरुजींची प्रार्थना, मग डॉक्टर. असा माणूस एका सकाळी आमच्या दारात येऊन म्हणाला, "याकोब, पेटी करायची आहे."

"कोनाची जी?" यजमानांनी रंधा थांबवला.

"माझी."

"तुमी तं चांगले ठनठनीत हा, गुरुजी!"

"म्हणूनच आलो. आजारी पडल्यावर कोण येतो?"

त्यांनी चपला काढल्या, रंध्याचा भुसा झटकला आणि यजमानांच्या टेबलावर चक्क आडवे झाले. हात छातीवर, डोळे मिटलेले, तोंडावर हसू. यजमानांनी सुतळीचं एक टोक धरलं, मी दुसरं. इतक्या वर्षांत ज्याचं माप घेतलं तो माणूस श्वास घेतो आहे असं कधी झालं नव्हतं.

"डोक्याशी थोडी जागा ठेवा," गुरुजी डोळे न उघडता म्हणाले. "मला अवघडून झोपायला आवडत नाही."

पेटी झाली. सागाची, चांगली पॉलिश केलेली. गुरुजींनी ती बैठकीच्या खोलीत दोन स्टुलांवर ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला झाकण उघडून दाखवायचे. "कबरस्थानात बायकोशेजारी जागा घेऊन ठेवली आहे. गाणी ठरवली आहेत. माझ्या मातीच्या वेळी संदेश कोणी द्यायचा तेही ठरलं आहे. प्रभू केव्हाही बोलावो, मी तयार आहे." कोणीतरी फोटो काढला आणि तो मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला. शंभर हात जोडलेले आले. पुढच्या रविवारी पास्टरनी त्या पेटीवरच उपदेश केला. ख्रिस्ती माणसाची तयारी कशी असावी? गुरुजींसारखी.

आणि मग आमच्याकडे रांग लागली. एक निवृत्त रेल्वेवाले नवरा-बायको जोडीने पेट्या सांगून गेले, दोन्ही सारख्या. एका बाईला पांढरं सॅटिन नको होतं.

"पांढऱ्यात मी सावळी दिसते वं, एस्तेर. क्रीम कलर लाव."

"बाई," यजमान आतून ओरडले, "तुमाले थोडीच दिसनार हाय!"

"लोकाईले तं दिसन ना!"

यजमान आनंदात होते. पहिल्यांदाच घाई नसलेलं काम मिळत होतं. मी मशीन चालवत होते, पण मन लागत नव्हतं. शाळेत गुरुजींनीच सांगितलेली शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, एक गोष्ट सारखी आठवायची. एका माणसाची जमीन खूप पिकते, तो मोठी कोठारं बांधतो आणि आपल्याच जिवाला सांगतो की आता भरपूर आहे, निवांत राहा. देव त्याला मूर्ख म्हणतो. लहानपणी ती गोष्ट मला धान्याची वाटायची. आता वाटायला लागलं की कोठार प्रार्थनांनीही भरतं. उपासतापासांनी भरतं, नावलौकिकाने भरतं. ते भरलं की त्यावर माणूस निवांत झोपतो, आणि त्याला उठवायची कोणाची छाती होत नाही, कारण माणूस चांगला असतो. वाईट माणसाला निदान झोप तरी लागत नाही.

हे मी कोणाला बोलले नाही. बोलणारी मी कोण?

त्याच दिवसांत नागपूरबाहेरच्या कन्हानहून फोन आला. प्रेमाबाईंच्या सुनेचा. प्रेमाबाई म्हणजे गुरुजींची धाकटी बहीण. किडन्या गेल्या होत्या, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. सून म्हणाली, "माप घेऊन ठेवा, ऐन वेळी धावपळ नको."

गुरुजी आणि प्रेमाबाई एकमेकांशी बोलत नाहीत हे अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं. कारणही ठाऊक होतं. त्यांची आई प्रेमाबाईंकडे कन्हानला वारली तेव्हा गुरुजी वर्ध्याकडे जागृतीच्या सभांत उपदेशाला गेले होते. ते येण्याआधीच प्रेमाबाईंनी आईला माती दिली. थोरल्या भावाला आईचं तोंड पाहू दिलं नाही. असं सगळे सांगायचे. त्या आईची पेटी मीच केली होती. तेव्हा माझं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. भर मे महिना होता. मला आठवतं ते एवढंच की प्रेमाबाई झाकण लावू देत नव्हत्या आणि सारख्या रस्त्याकडे बघत होत्या.

मी सुतळी घेऊन कन्हानला गेले. प्रेमाबाई खाटेवर होत्या. पाय सुजलेले, तोंड सुजलेलं, पण आवाज तोच.

"कोन हाय?"

"एस्तेर. पेटीवाली."

"इतक्या लवकर? मी तं अजून इथंच हावो."

"सूनबाईंचा फोन आला होता."

"ते घाईचीच हाय. भातही कच्चा उतरवते." सून दारातच उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. रडत होती की हसत होती ते कळलं नाही. प्रेमाबाईंनी माझ्या हातातली सुतळी पाहिली. "ठेव ते. मले पेटी नको पाठवू वं. माया भावाले पाठव."

मी सुतळी गुंडाळून पिशवीत टाकली.

"त्याची पेटी तयार हाय म्हने. पोरानं फोटो दाखवला मले फोनवर. मंग आता दिवसभर तो रिकामाच असन. सांग त्याले, बहीण बोलावून राहिली. मेल्यावर नको येऊ म्हना. मेल्यावर मले बोलता येनार नाही."

मी माप न घेता परत आले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींकडे गेले. वाटेत काय बोलायचं ते पाठ केलं होतं, दारात पोचेपर्यंत विसरले. कसाबसा निरोप सांगितला. गुरुजींनी चष्मा काढून डोळे पुसले. खरंच पुसले, नाटक नव्हतं.

"एस्तेर, मी प्रेमाला केव्हाच क्षमा केली आहे. रोज सकाळी प्रार्थनेत तिचं नाव घेतो. माझ्या मनात तिच्याविषयी काही नाही."

"जाणार ना मग, गुरुजी?"

"जायचं कशाला? जे व्हायचं ते देवासमोर झालं आहे. आता गेलो तर जुनं निघेल, तिला त्रास होईल. मला शांती आहे. तिलाही मिळो."

उठता उठता त्यांनी मला काम सांगितलं. पेटीत डोक्याच्या बाजूला, सॅटिनवर, एक वचन भरतकामाने हवं होतं. धनी आपल्या विश्वासू चाकराला शाबासकी देतो, ते. निळ्या रेशमाने.

घरी येऊन मी यजमानांना सांगितलं की हे मी करणार नाही.

"काहून?"

"शाबास म्हणायचं काम धन्याचं आहे. मी सुईने कशी म्हणू? आणि तेही त्यांच्याच सांगण्यावरून?"

"तुले काय करायचं हाय वं? गिऱ्हाइकानं कमळ काढ म्हटलं तं कमळ काढायचं, वचन म्हटलं तं वचन."

"बहीण मरून राहिली तिकडे. ती बोलावते आहे. हे म्हणतात मला शांती आहे."

"मंग?"

"कसली शांती आहे ती?"

यजमानांनी पाठ फिरवली. रंधा मारायला लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "तू चौथी शिकली. त्यायनंच शिकवली. याद ठेव."

यादच तर होतं. म्हणून चार दिवस मी गेले नाही. पाचव्या दिवशी गुरुजींचा फोन आला, बायकांची प्रार्थना आहे, सगळ्या जमतील, त्यांच्यासमोरच वचनाचं काम सुरू कर, त्यांनाही बरं वाटेल. मी पिशवीत सुई, निळं रेशीम आणि कैची घेतली. खरं सांगते, निघताना माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. मान खाली घालून भरतकाम करायचं आणि परत यायचं, एवढंच ठरवलं होतं.

बैठकीत बायका बसल्या होत्या. पेटीचं झाकण उघडं होतं. गुरुजी सांगत होते, "मरण माझ्या दारात आलं तर मी त्याला खुर्ची देईन. माझं कोणाशी काही राहिलेलं नाही." बायका म्हणाल्या, "आमेन." मी सुईत रेशीम ओवलं. माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला.

"गुरुजी, कन्हानला जाऊन आलात?"

"एस्तेर, ते मी प्रभूच्या पायांशी ठेवलं आहे. तुला सांगितलं ना?"

बायका पुन्हा म्हणाल्या, "आमेन."

त्या दुसऱ्या आमेनने काय झालं ते मला माहीत नाही. मी सुई पेटीतल्या गादीत टोचली, कैची काढली आणि डोक्याकडची लेस उसवायला घेतली. आधी सगळ्यांना वाटलं काहीतरी दुरुस्त करते आहे. मग मी चुण्या सोडवल्या. एका बाजूचं सॅटिन पूर्ण निघालं, कापूस उघडा पडला.

"अवो माय! बावरी झाली काय वं हे?" क्रीम कलरवाल्या बाई उठल्या. कोणीतरी माझा दंड धरला. मी सोडवून घेतला. मला घाई नव्हती. चांगली घातलेली शिवण उसवायला वेळ लागतो, आणि ती मी चांगली घातली होती. खोलीत कैचीचाच आवाज होता. गुरुजी बघत होते. ते ओरडले असते तर मी कदाचित थांबले असते.

सॅटिनची घडी करून मी खुर्चीवर ठेवली. लेस गुंडाळून त्यावर ठेवली. उशी ठेवली.

"कापड तुमचं आहे गुरुजी," मी म्हणाले. "शिलाई माझी होती. ती मी परत घेतली. पेटी तयार आहे, तुम्ही नाही."

बाहेर आले आणि चौकातल्या रसवंतीच्या बाकावर बसले. रसवाल्याने न विचारता पाणी दिलं.

त्या आठवड्यात रांग आटली. जोडीने पेट्या सांगणारे आले आणि काम रद्द करून गेले. क्रीम कलरवाल्या बाई आल्याच नाहीत. यजमान माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत, पण तिसऱ्या दिवशी पास्टर आले तेव्हा रंधा मारायचं सोडून माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. नुसते उभे.

पास्टर तरुण आहेत, भले आहेत. म्हणाले, "एस्तेरबाई, पंचांचं म्हणणं आहे की तुम्ही माफी मागावी. एका भक्तिमान माणसाचा तुम्ही अपमान केला."

"मागते," मी म्हणाले.

त्यांना हायसं वाटलं. "छान. रविवारी उपासनेनंतर..."

"उपासनेनंतर नाही. कन्हानला. प्रेमाबाईंच्या खाटेपाशी. गुरुजींनी तिथे यावं, तिथे मागते."

पास्टर हसले, मग हसायचे थांबले. "हे तुम्ही अट घालता आहात."

"हो."

मी आजवर कोणाला अट घातली नव्हती. लग्नातही नाही. पास्टर गेल्यावर यजमान म्हणाले, "लय झालं वं तुयं." पण संध्याकाळचा चहा त्यांनी केला.

गुरुजी येतील असं मला वाटलं नव्हतं. ते रागाने आले. दारात ऑटो थांबला आणि ते आतूनच म्हणाले, "चल. माग माफी." कामठी मागे पडली. कन्हानचा पूल आला तेव्हा त्यांनी रुमालाने मान पुसली, पुन्हा पुसली.

प्रेमाबाई आणखी सुजल्या होत्या. डोळे उघडत नव्हत्या. सून कानाशी म्हणाली, "आई, गुरुजी आले."

"कोनते गुरुजी? मी भावाले बोलावलं होतं."

गुरुजी उंबऱ्यातच उभे राहिले. मी पुढे झाले आणि सुरुवात केली, "प्रेमाबाई, मला तुमच्यासमोर गुरुजींची माफी..."

"तू चूप बस वं. पयले याचं होऊ दे."

गुरुजींनी घसा साफ केला. उपासनेत करतात तसाच. "प्रेमा, मी तुला क्षमा केली आहे."

प्रेमाबाईंनी डोळे उघडले.

"मी नाही केली तुले."

सून पाण्याचा पेला घेऊन पुढे झाली, तो त्यांनी हातानेच बाजूला केला.

"आई गेली त्या दिवशी सकाळीच फोन केला होता तुले, मिशनच्या बंगल्यावर. तुयाशी बोलली मी सोता. तू काय म्हटलं, दादा? दुपारची सभा हाय, संदेश देऊन निघतो. आई कुठं जाते आता, असं म्हटलं तू. झाकण उघडं ठेवून बसली मी उन्हात. मानसं शिव्या देऊन राहिले होते मले. तुयी सभा संपली, तिकडं चार लोकं रडले, तारण पावले, अन् मंग तू निघाला. अन् सगळ्याईले सांगितलं, प्रेमानं घाई केली."

मी गुरुजींकडे पाहिलं. मंडळी एवढी वर्षं एक गोष्ट सांगत होती, आणि ती गोष्ट खोटी आहे हे त्या एका माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. की ठाऊक नव्हतं? रोज सकाळी बहिणीला क्षमा करता करता ते खरंच विसरले असतील. मला तेच जास्त भयंकर वाटतं. आपल्याला शिकवतात की ऊनही नाही आणि थंडही नाही असं पाणी प्रभू तोंडात ठेवत नाही. पण त्या पाण्याला कुठे कळतं आपण कोमट आहोत?

गुरुजी भिंतीला धरून खाली बसले. जमिनीवर. इतक्या वर्षांत मी त्यांना जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

"हो," ते म्हणाले. मग जे बोलले ते शाळेतलं मराठी नव्हतं, लहानपणीचं होतं. "मीच उशीर केला वं, प्रेमा. मले वाटलं, सभा सोडली तं देव रागवन."

"देव नाही रागवला," प्रेमाबाई म्हणाल्या. "मी रागावली. बस आता तिथंच. माया राग काही लवकर उतरनार नाही."

"बसतो."

मी बसने एकटीच परत आले. गुरुजी त्या दिवशी कन्हानलाच राहिले, आणि पुढेही राहिले. सून सांगायची, दोघं दिवसभर भांडतात. आईच्या बांगड्यांवरून, बापाच्या मारावरून, कोणी कोणाच्या पाटीवर थुंकलं होतं त्यावरून. मधेच प्रेमाबाई थकून झोपतात, आणि हे बसून राहतात. क्षमा मिळाली की नाही, ते मला माहीत नाही. सूनही सांगू शकली नाही.

प्रेमाबाई गेल्या तेव्हा माप मी घेतलं. सुतळीचं दुसरं टोक गुरुजींनी धरलं.

कन्हानच्या कबरस्थानात सगळे जमले. बहिणीसाठी गुरुजी संदेश देतील, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. ते उभे राहिले. शास्त्र उघडलं नाही. "मी उशिरा आलो," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. पास्टरनी घाईने गाणं सुरू केलं. नंतर बायका कुजबुजत होत्या की दुःखाने गुरुजींचं डोकं ठिकाणावर नाही. मला तर ते पहिल्यांदाच जागे दिसले.

फाटकाशी पास्टर माझ्याजवळ आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "एस्तेरबाई, ती माफी तेवढी राहूनच गेली."

"हो, राहिली," मी म्हणाले. घसा सुकला नव्हता. "राहू द्या."